नातीचं मनगट धरून

आमच्या घरात एक पितळी डबा आहे. सोनगीरच्या तांबटाने ठोकून घडवलेला, आठवडाभराची दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, सहज मावेल एवढा. त्याला झाकण नाही. झाकण हरवलेलं नाही, ते कुठे आहे हे मला पक्कं माहीत आहे. गावातल्या आमच्या घरापासून चार घरं सोडून नानांचं घर आहे, तिथे त्यांच्या पिठाच्या पातेल्यावर ते बसलेलं असतं.

माझे मालक आणि नाना तरुणपणी गावच्या यात्रेत लढले होते. आमच्याकडे कुस्त्यांच्या दंगलीत बक्षीस म्हणून भांडी देतात. लहान पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात, मग नारळावर, मग तांब्या, पातेलं, डबा, हंडा असं वाढत जातं. त्या दोघांची कुस्ती काही सुटेना. दिवस मावळायला आला तेव्हा पंचांनी बरोबरीत सोडवली आणि बक्षीस वाटायचं म्हणून डबा माझ्या मालकांना दिला, झाकण नानांना. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणाला त्या डब्यात धान्य ठेवायचं नव्हतं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यावर ताटली ठेवते आणि उंदीर ती पाडतात.

हे आधी सांगितलं, कारण पुढे त्याचं काम आहे.

मी स्वतः कधी कुस्ती खेळले नाही. आमच्या वेळी बायकांनी आखाड्याच्या जवळ जायचं नाही असा रिवाज होता. आम्ही घरांच्या धाब्यांवर बसून पाहायचो. धाबं म्हणजे आमच्याकडच्या मातीच्या घरांचं सपाट छप्पर. वरून फार चांगलं दिसतं. खाली बसलेल्या पुरुषांना पैलवानांच्या पाठी दिसायच्या, आम्हाला चारही पाय दिसायचे. कोण पडणार हे धाब्यावर आधी कळायचं. आम्ही ते आपसात बोलायचो आणि खाली उतरून भाकरी टाकायला लागायचो.

मालक गेले. गुडघे बिघडले. आता वर्षातले निम्मे महिने मी जळगावला मुलाकडे असते. तो पाइपच्या कारखान्यात आहे. त्याला मुलगा आणि मुलगी. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि जाताना टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र घरीच ठेवून गेला. ते नातीने घेतलं. ती कॉलेजात हिशेबाचं शिकते. दुपारी घरी येते, जेवते, आणि त्या यंत्राचा दोन मुठींचा बटणांचा तुकडा हातात घेऊन बसते. पोरं त्याला कंट्रोलर म्हणतात.

पहिल्यांदा मला वाटलं सिनेमा लागलाय. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर उभी आणि मारामारी चालू. मग माझं तिच्या बोटांकडे लक्ष गेलं.

"हा मिशीवाला जाड्या कोण?" मी विचारलं.

"तो मी, आजी."

"आणि ती लाल कपड्यातली बाई?"

"तो नानांचा नातू. धुळ्याहून खेळतोय."

मी शेंगा सोलत पाहत बसले.

त्या खेळात जगभरचे मारामारी करणारे आहेत. कुणी कराटेवाला, कुणी चिनी, कुणी हाताने मारतच नाही, नुसत्या लाथांवर जगतो. एक म्हातारा दारू प्यायल्यासारखा झुलतो आणि झुलता झुलता समोरच्याला लोळवतो. आमच्या गावात झुलणारे पुष्कळ आहेत, लोळवणारा कुणी पाहिला नाही. नातीने मात्र मिशीवाला धरला होता. तो पैलवान. चालायला जड, उडी मारायला जड, पण हाताला कुणी लागला की उचलून आपटतो. बाकीच्या पोरांना चपळ माणसं आवडतात. मी तिला विचारलं, हाच का? ती म्हणाली, "तो घाई करत नाही. आणि धरलं की सोडत नाही."

यातलं खोटं किती हे मला कळत होतं. माझ्या मालकांचे दोन्ही कान कुस्तीत फुटून भज्यासारखे झाले होते. पडद्यावर कुणाचा कान फुटत नाही, कुणाला दम लागत नाही, एवढे दणके खाऊन माणूस पुढच्या डावाला कपडे झटकून उभा. पण खरंही होतं काही. नात मागे सरकायची, पुन्हा मागे सरकायची, समोरच्याला वाटायचं ही घाबरली, तो अंगावर यायचा आणि मिशीवाला त्याला धरायचा. माझे मालक हेच करायचे. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिने यंत्र थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर आम्ही रोज दुपारी बसायला लागलो. मी धाब्यावर बसल्यासारखी बोलायचे. "पाय बघ त्याचा, लाथ मारणार." कधी बरोबर निघायचं, कधी नाही.

खेळताना एकमेकांशी बोलायची सोय असते. तिने तो आवाज बंद ठेवलेला होता. सुरुवातीला एकदा चालू केला होता म्हणे. मुलीचा आवाज ऐकून एकाने फोन नंबर मागितला, एकाने आईवरून शिवी दिली, एक जण खेळ अर्धा सोडून निघून गेला. तेव्हापासून बंद. त्यामुळे तिच्याशी खेळणाऱ्यांना ती कोण हे माहीतच नव्हतं. खात्यावर भावाचं नाव, भावाचा काळ्या चष्म्यातला फोटो. खानदेशातल्या या खेळाच्या पोरांचा फोनवर एक ग्रुप होता. धुळे, शिरपूर, यावल, सगळीकडची पोरं त्यात. तिथे सगळे तिला भाऊ म्हणायचे. भाऊ, तो डाव कसा टाकला? भाऊ, आज कुणाला पाडलं?

एके दिवशी तिने ग्रुपवर लिहिलं, भाऊ पुण्याला गेल्यापासून मीच खेळते, मी त्याची बहीण.

उत्तर आलं, "ताई, भाऊला फोन द्या."

मग हसणारी तोंडं. खूप. सगळ्यात जास्त लिहिलं ते नानांच्या नातवाने. मी त्यांच्या गावचा आहे, मला माहीत आहे, भाऊच पुण्याहून खेळतो आणि बहिणीचं नाव सांगून आपली फिरकी घेतो. भावाने स्वतः लिहिलं की नाही बाबांनो, मी नाही, तीच. त्यावर पोरं म्हणाली, बघा, किती नम्र माणूस.

त्या दिवशी नातीने ताट तसंच सरकवलं. मी म्हटलं, जेव.

"मी दोन वर्षं याला पाडतेय, आजी. हा म्हणतो दादाने पाडलं."

"तुला माहीत आहे ना कुणी पाडलं? मग झालं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. माझा तो डबा मी जळगावला आणून ठेवला आहे. त्यावर मालकांचं नाव घातलेलं आहे. शेजारच्या हंड्यावर सासऱ्यांचं. तिने ती सगळी नावं पाहिली आणि विचारलं, "आजी, या घरात तुझ्या नावाचं एखादं भांडं आहे?"

"नाही."

"बघ," ती म्हणाली आणि हात धुऊन अभ्यासाला बसली.

मला राग आला नाही. हिशेब बरोबर होता तिचा.

चैत्रात आमच्या गावची यात्रा. गाव सोनगीरच्या पुढे, हायवे सोडून आत. दंगल दुसऱ्या दिवशी दुपारी असते. गेल्या काही वर्षांत पैलवान कमी झालेत, पोरं फोनवर असतात, म्हणून गावातल्या तरुण मंडळाने ठरवलं की दंगलीच्या सकाळी या खेळाचे सामने लावायचे. मोठा पडदा भाड्याने आणायचा, खानदेशातली ग्रुपवरची पोरं बोलवायची. यात्रा कमिटीने परवानगी दिली, पण अट घातली. यात्रेत चिठ्ठ्या टाकून सामने लागत नाहीत. जोड नाना लावतील.

जोड लावणं म्हणजे कोण कुणाशी लढणार हे ठरवणं. नाना आता म्हातारे झालेत, पण आमच्या भागातल्या दंगलींत जोड त्यांच्याच हाताने लागते. पैलवानाचं मनगट धरायचं, त्याचा हात वर करायचा, आखाड्याभोवती एक फेरी मारायची आणि विचारायचं, आहे का याला कुणी? जो उठेल त्याला नाना पाहतात, मान हलवतात, झाली जोड. नापसंत असेल तर खाली बसवतात. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही.

नातीला जायचं होतं. मुलगा म्हणाला, "अजिबात नाही. सगळ्या गावासमोर पोरांमध्ये बसून खेळणार? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "तू नको येऊ. मी यात्रेला दर वर्षी जाते. मला बसमध्ये एकटीने चढता येत नाही, नात सोबत येईल."

"आई, तू मुद्दाम करतेस."

"हो," मी म्हटलं.

तो कामावर गेला. सुनेने भाकऱ्या बांधून दिल्या.

त्या सकाळी मारुतीच्या पारासमोरच्या मांडवात पोरांची गर्दी होती. पुढे पडदा, पडद्यासमोर दोन खुर्च्या, बाजूला टेबलावर भांडी मांडलेली. भांडीवालाही नाव घालायचं यंत्र घेऊन बसलेला. नाना फेटा बांधून मधोमध उभे. त्यांना हा खेळ माहीत नव्हता आणि त्याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी जोडी लावायला सुरुवात केली ती अंगावरून. जाड्याला जाड्या, उंचाला उंच. शिरपूरहून एक पोरगा आला होता, सगळे म्हणत होते फार तयार आहे, पण तो इतका काटकुळा की नानांना त्याच्या वजनाचा कुणी सापडेना. त्याला त्यांनी बाजूला बसवलं. "तू जरा खाई पी आनि पुढला वरीसले ये," असं आमच्या अहिराणीत म्हणाले. पोरं हसून हसून पडली, पण कुणी नानांना समजावायला गेलं नाही. जाड्याजाड्यांचे सामने चांगले झाले, हेही सांगायला हवं.

मग नात पुढे आली. मांडवातला आवाज कमी झाला. नानांनी तिला ओळखलं. माझ्या मालकांना ते आबा म्हणायचे.

"आबानी नात ना तू? बस पोरी. रेवडीनी कुस्ती बाकी शे लहान पोरंसनी, त्यामा तुले बसाडतस."

नातीची बोटं कंट्रोलरवर असल्यासारखी हलत होती. मी मागे बायकांच्या जागी बसले होते, तिथून उठले. मांडवात मध्ये जायला वेळ लागला, गुडघे माझे तसे. लोकांनी पाय आवरून घेतले.

"नाना," मी म्हटलं, "ती रेवडीसाठी एवढे लांब येल नही. तिले जोड लाव."

"वहिनी, पोऱ्या आनि पोरगीनी जोड लागस नही. अंगले हात लागस."

"कोनाना अंगले कोनाना हात लागस? तिना हात बटनवर, त्याना हात बटनवर. मधमा सगळी वायर."

कुणीतरी मागून हसलं. नाना म्हणाले, "पडदावर तर लागस ना."

"मंग पडदावर देख. मनी नात मिशीवाला गडी शे. बाई तर तुना नातू व्हयेल शे."

आता अख्खा मांडव हसला. नानांचा नातू पुढच्याच रांगेत होता. नाना त्याच्याकडे वळले.

"तू बाई काबर व्हयना रे?"

"नाना, ती फास्ट आहे," पोरगा म्हणाला. कान लाल झाले होते.

नाना हसत नव्हते, विचार करत होते. मी त्यांना ओळखते. रिवाज मोडायचा नसतो त्यांना, पण रिवाज लागू आहे की नाही हे ते नीट पाहतात. शेवटी म्हणाले, "ठीक शे. जोड लावू. पन मी तिना हात धरस नही."

"तू नको धरू. मी धरस," मी म्हटलं.

तिचं मनगट मी धरलं. बारीक आहे, पण ती घट्ट उभी होती. हात वर केला. माझा खांदा दुखतो, तरी केला. आणि मांडवाभोवती फेरी मारायला निघाले. मी आयुष्यभर आखाडा वरून पाहिला होता. खाली उतरल्यावर कळलं, तो फार मोठा असतो. सतरंजीच्या कडेने चालत मी विचारत गेले, "शे का कोनी? शे का कोनी हिले?"

कुणी उठेना. त्यांचं मला कळत होतं. पोरीकडून हरलं तर वर्षभर हसू, आणि जिंकलं तरी त्यात काय नाव. यावलची पोरं खाली पाहत होती. शिरपूरचा काटकुळा उठायला लागला तर नानांनी हातानेच बसवलं, वजन जमत नाही म्हणून. फेरी पुरी होत आली. नातीचा हात माझ्या हातात ओला झाला होता. जोड लागली नाही तर पैलवान तसाच घरी जातो, हे तिलाही ठाऊक होतं. ग्रुपवर पुन्हा तेच. भाऊला फोन द्या.

नानांच्या नातवाला त्याच्याच मित्रांनी ढकललं. "उठ की. तूच म्हणत होता ना, भाऊ खेळतो म्हणून. आता बघ कोण खेळतं ते."

तो उठला. नानांनी दोघांकडे पाहिलं. वजनात जमत नव्हतं, पोरगा चांगला दणकट आहे. तरी त्यांनी मान हलवली.

"हात मिळवा," ते सवयीने म्हणाले आणि मग थांबले. आता हात कसा मिळवायचा? पोरांनीच तोड काढली, दोघांनी कंट्रोलर एकमेकांना टेकवले. नानांना ते पटलं.

बक्षीस होतं स्टीलचा मोठा डबा, झाकणासकट. तीन डावांत दोन जिंकायचे.

पहिला डाव नातीने घेतला. पोरगा नेहमीसारखा उड्या मारत आला, लाल बाई गरगर फिरून लाथा मारत होती, आणि मिशीवाल्याने तिला हवेतच धरून आपटलं. मांडव ओरडला. दुसरा डाव पोराने घेतला. हुशार झाला तो, जवळ येईना. लांबून पाय मारून मारून मिशीवाल्याला कोपऱ्यात नेलं. मी जागेवरून काही बोलले नाही. घरात बोलते ती गोष्ट वेगळी.

तिसरा डाव. दोघेही सावध. वर पडद्यावर दोन पट्ट्या असतात, ज्याची पट्टी संपली तो पडला. बाईची पट्टी अगदी थोडी उरली होती, मिशीवाल्याची बरीच. नात मागे सरकली. पोरगा पुढे आला. ती पुन्हा मागे सरकली. आता धरणार, हे मला दिसलं.

आणि लाइट गेली.

पडदा काळा. मंडळाचा जनरेटर यात्रेतल्या पाळण्याला लावलेला. मांडवात गोंधळ. आमच्या बाजूचे म्हणाले, पोरगी जिंकली, राहिलंच काय होतं. पोराचे मित्र म्हणाले, पडली कुठे बाई, उभीच होती. मागून कुणी म्हणालं, "अरे, ती कुठे खेळत होती, भाऊ पुण्याहून फोनवरून चालवत असेल."

"हात तिनाच शेतस," नाना म्हणाले. ते पूर्ण वेळ पडद्याकडे पाहतच नव्हते. पडद्यावरचं त्यांना काही समजत नव्हतं, म्हणून ते तिच्या हातांकडे पाहत बसले होते. "मी देखेल शे. दुसरं कोनी नही."

हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मागचा खाली बसला.

मग सगळे नानांच्या तोंडाकडे पाहायला लागले. निकाल काय? नानांनी दोघांकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, दुपारच्या दंगलीची वेळ होत आली होती. "कुस्ती बरोबरीत," म्हणाले, आणि टेबलाकडे जाऊन डबा उचलला. त्यांचा एक हात डब्यावर होता, दुसरा झाकणावर गेला.

"नाना, थांब," मी म्हटलं.

ते थांबले.

"एक डबा शे मना घरमा बिनझाकनना. तितलाच पुरे. कुस्ती आखाडाबाहेर गयी तर काय करतस तुमी?"

"मधमा आनीसन परत लावतस."

"मंग लावा. लाइट येवू दे."

नातीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या ताटातली भाकरी उचलली. ती जिंकत होती. परत लावायची म्हणजे दोघांच्या पट्ट्या पुन्हा भरलेल्या. तिचा एवढा मार फुकट. पण तिने नाही म्हटलं नाही. "लावा," ती म्हणाली.

नानांनी झाकण पुन्हा डब्यावर बसवलं. ते हळूच म्हणाले, "वहिनी, ते झाकन आजबी शे मनाकडे. धाडू का?"

"ठेव. तुनी सून पीठवर काय झाकी?"

लाइट आली तोवर बाहेर ऊन चांगलं तापलं होतं आणि निम्मी माणसं रसवंतीवर जाऊन परत आली होती. तिसरा डाव पुन्हा लागला. या वेळी नात थांबली नाही. मागे सरकायच्या ऐवजी धावून गेली, मघाचं उरलेलं एका झटक्यात वसूल करायचं होतं तिला. पोरगा बाजूला झाला आणि खालून लाथ मारली, मग दुसरी, मग तिसरी. मिशीवाला आडवा झाला तो उठलाच नाही.

मांडवातून मोठा आवाज झाला. पोराच्या मित्रांनी त्याला उचलून धरलं. भांडीवाल्याने डब्यावर त्याचं नाव घालायला यंत्र चालू केलं. नात खुर्चीवरून उठली, तिने आपला कंट्रोलर त्याच्या कंट्रोलरला टेकवला आणि माझ्याकडे आली.

दुपारची दंगल मी थोडी पाहिली, मांडवात बसून, खालून. मग आम्ही बसला निघालो. स्टँडवर एक ओळखीची म्हातारी होती.

"अक्का, तुनी नात पडनी म्हने. नानाना नातूनी पाडी."

"पडनी," मी म्हटलं.

"पन भारी लढनी म्हने."

"पडनी," मी पुन्हा म्हटलं.

बसमध्ये नात खिडकीजवळ बसली. बस हायवेला लागल्यावर म्हणाली, "मी जिंकत होते, आजी."

"जिंकत होतीस. जिंकली नव्हतीस."

"नानांनी बरोबरीत सोडवली असती तर निम्मं तरी मिळालं असतं."

"निम्मं मी वापरते आहे लग्नापासून. तुला नको ते."

"तुला नको ते. माझं काय?" ती म्हणाली. उत्तर खरं होतं. धुळ्याचा स्टँड येईपर्यंत ती बाहेर पाहत राहिली.

"घाई केलीस," मी शेवटी म्हटलं.

"माहीत आहे."

"मग ठीक."

जळगावच्या बसमध्ये बसल्यावर तिच्या फोनवर टिंगटिंग सुरू झालं. नानांच्या नातवाने ग्रुपवर लांबलचक लिहिलं होतं. तिने मला वाचून दाखवलं. मी तिला असं पाडलं, ती अशी आली, मी असा बाजूला झालो, तीन लाथांत खलास. लाइट गेल्याचं त्यात कुठे नव्हतं. डब्याचा फोटो होता. खाली बाकीच्या पोरांनी विचारलं होतं, ती म्हणजे कोण? त्याने लिहिलं होतं, तीच, आमच्या गावची, आपण जिला भाऊ म्हणत होतो ती. यावलच्या एकाने लिहिलं, मी होतो तिथे, मी पाहिलं, तीच होती. शिरपूरच्या काटकुळ्याने लिहिलं, भाऊने मला आधी दहा वेळा पाडलंय, म्हणजे मला पण तिनेच पाडलं का मग?

"नालायक," नात म्हणाली, "लाइटचं बघ कसं गाळलं." पण ती परत परत वर जाऊन तेच वाचत होती. पूर्ण फुशारकीत तीच होती, तिचा भाऊ कुठेच नव्हता. तिला हरवल्याचं मिरवायचं तर ती खेळली होती हे त्याला सांगावंच लागत होतं.

तिचा अंगठा फोनवर चालायला लागला. काय लिहितेय ते दिसत होतं मला, चांगलं नव्हतं.

"शिव्या नको देऊस," मी म्हटलं. "जोड माग."

तिने लिहिलेलं पुसलं. थोडा विचार केला. मग लिहिलं, पुढच्या यात्रेला पुन्हा, नानांसमोर, जनरेटर लावून.

त्याने लगेच हो म्हटलं. तिने फोन पर्समध्ये टाकला, सुनेने बांधून दिलेल्या भाकऱ्या सोडल्या आणि ठेचा लावून खायला लागली. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं तिने. माझ्या वाटणीचीही तिनेच संपवली.